जुन्या गाडींत नवें इंजिन

मोटारगाडीच्या इतिहासांत इंजिनाच्या अश्वशक्तीचे आंकडे जितके मिरविले गेले, तितका त्या इंजिनाच्या पोटाखालीं लटकणारा तेलाचा चेंबर कधींच मिरविला गेला नाहीं. इंजिनाच्या कुशींतून निघणाऱ्या धुराच्या नळ्यांचीहि तीच गत. बॉनेट उघडून पाहणाऱ्याची दृष्टि वरच्या चकचकीत भागांवर खिळते. खालचें आणि बाजूचें कोणी पाहत नाहीं. परंतु एका गाडीचें इंजिन काढून दुसऱ्या गाडींत बसविण्याचा जो उद्योग अमेरिकेंत गेलीं नव्वद वर्षें चालत आला आहे, त्याचा इतिहास चाळला म्हणजे असें दिसून येतें कीं, कोणतें इंजिन कोणत्या गाडींत नांदेल याचा निवाडा बहुधा या दोन उपेक्षित भागांनींच केला आहे. अश्वशक्ति पाहून सोयरीक जुळते. संसार टिकतो तो मात्र चेंबर आणि नळ्या यांच्या जोरावर.

हे दोन भाग कोणते, तें प्रथम पाहिलें पाहिजे. इंजिनाच्या तळाशीं एक पसरट भांडें बोल्टांनीं आवळलेलें असतें. पुस्तकांत त्यास ऑइल पॅन म्हणतात. महाराष्ट्रांतील गॅरेजांत तें 'चेंबर' या नांवानें ओळखलें जातें. इंजिनांत फिरून आलेलें तेल या चेंबरांत उतरतें आणि पंप तें तेथून शोषून पुन्हा वर पाठवितो. चेंबराचा एक भाग इतर भागाहून खोल असतो. त्यास संप म्हणतात. हा संप पुढें आहे कीं मागें, यावर पुढची बरीचशी कथा अवलंबून आहे. दुसरा भाग हेडर. साध्या गाडींत सर्व सिलिंडरांतील जळालेला वायु ओतीव लोखंडाच्या एका जाड मॅनिफोल्डांत सोडलेला असतो. त्याऐवजीं प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र पोलादी नळी देऊन त्या नळ्या पुढें एका तोंडांत आणल्या म्हणजे हेडर झाला. मॅनिफोल्ड बुटका आणि अंगासरसा असतो. हेडर ऐसपैस जागा मागतो.

या उद्योगाचा खरा आरंभ १९३२ सालीं झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं. त्या वर्षीं फोर्ड कंपनीनें आठ सिलिंडरांचें इंजिन सामान्य ऐपतीच्या गिऱ्हाइकाच्या आवांक्यांत आणलें. चार सिलिंडर एका रांगेंत, चार दुसऱ्या रांगेंत, आणि दोन्ही रांगा इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणें कललेल्या, अशी त्याची रचना होती. दोन्ही रांगा एकाच ठोकळ्यांत ओतण्याची युक्ति साधल्यामुळें तें स्वस्त पडलें. २२१ घन इंचांचें हें इंजिन ६५ अश्वशक्तीचें होतें. आधींच्या मॉडेल ए गाडीचें चार सिलिंडरांचें इंजिन अवघें ४० अश्वशक्तीचें होतें. मॉडेल ए गाड्या लक्षावधि विकल्या गेल्या होत्या आणि जुन्या बाजारांत त्या स्वस्तांत मिळत. तेव्हां मोडक्या गाडीचें नवें इंजिन काढून तें हलक्या मॉडेल ए मध्यें बसविण्याची कल्पना दक्षिण कॅलिफोर्नियांतील तरुणांस सुचली, यांत नवल नाहीं. तेथील वाळवंटांत म्युरॉक नांवाच्या कोरड्या सरोवराचें विस्तीर्ण सपाट पात्र आहे. त्यावर हे तरुण आपल्या गाड्या पळवीत. १९३७ सालीं त्यांच्या निरनिराळ्या मंडळांनीं मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापिली आणि या वेगाच्या हौसेला शिस्त आली.

या पहिल्या इंजिनांत धुराची वाट मोठी अवघड होती. झडपा ठोकळ्यांतच असल्यामुळें जळालेला वायु ठोकळ्याच्या आंतून, थंड पाण्याच्या पोकळीस खेटून, मग बाहेर पडे. मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच द्वार होतें. म्हणजे एका बाजूस सिलिंडर चार आणि द्वारें तीन. वायूची उष्णता पाण्यांत उतरे आणि इंजिन तापे. हौशी कारागिरांनीं नळ्या वांकवून हेडर तयार केले, परंतु बाहेरची नळी कितीहि सरळ केली तरी आंतली वाट वांकडी ती वांकडीच राहिली. तथापि जागेचा प्रश्न त्या वेळीं फारसा बिकट झाला नाहीं. इंजिन फोर्डचें आणि चासीहि फोर्डची. सोयरीक नात्यांतलीच होती.

परक्या घरचा जांवई आला तो १९४९ सालीं. त्या वर्षींच्या गाड्यांत ओल्ड्समोबील आणि कॅडिलॅक या दोघांनीं नव्या पद्धतीचीं व्ही-८ इंजिनें बसविलीं. पहिलें ३०३ घन इंचांचें व १३५ अश्वशक्तीचें, दुसरें ३३१ घन इंचांचें व १६० अश्वशक्तीचें. यांच्या झडपा ठोकळ्यांत नसून वर डोक्यांत होत्या. त्यामुळें वायूची वाट आंखूड आणि मोकळी झाली. पण ती डोक्याच्या बाहेरच्या अंगास उघडूं लागली. साहजिकच इंजिनाची रुंदी वाढली. दोन्ही बाजूंच्या नळ्या आतां चासीच्या आडनळ्यांच्या आंतून खालीं उतरावयाच्या होत्या, आणि अमेरिकन गाडीच्या डाव्या बाजूस नेमकी तेथेंच स्टिअरिंगची पेटी बसलेली असे. जुन्या फोर्डमध्यें हें इंजिन उतरविणाऱ्यास कळून चुकलें कीं, इंजिन विकत घेणें सोपें, त्याच्या धुराला वाट देणें कठीण.

हेडराचा हट्ट तरी कशासाठीं, असा प्रश्न येथें कोणी विचारील. त्याचें उत्तर वायूच्या चालींत आहे. सिलिंडरांतून सुटलेला झोत नळींतून वेगानें पुढें गेला म्हणजे त्याच्या पाठीमागें क्षणभर विरळपणा उत्पन्न होतो. तो विरळपणा दुसऱ्या सिलिंडराच्या द्वाराशीं नेमक्या वेळीं पोंचला तर तेथील उरलासुरला वायु ओढून बाहेर काढतो, आणि ताजें मिश्रण आंत येण्यास जागा होते. नळी फार रुंद असेल तर झोत मंदावतो. फार अरुंद असेल तर तो कोंडतो. म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या मध्यम आकाराच्या व्ही-८ इंजिनास १⅝ पासून पावणेदोन इंचांपर्यंतची नळी बहुधा मानवते, आणि त्याहून जाड नळी शर्यतीच्या इंजिनास शोभते. नळ्यांची लांबी सारखी असावी, हा दुसरा नियम. परंतु अमेरिकन व्ही-८ मध्यें आणखी एक पेंच आहे. त्याच्या क्रॅंकशाफ्टचे आंस एकमेकांशीं काटकोनांत असतात. या रचनेमुळें इंजिन थरथरत नाहीं, पण एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट समान अंतरानें होत नाहींत. फोर्डच्या जी.टी. ४० या शर्यतीच्या गाडींत यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंच्या नळ्या एकमेकींवरून ओलांडून दुसऱ्या बाजूस नेल्या होत्या. त्या गुंतवळ्यास तेथील लोक 'सापांचा भारा' म्हणत. १९६८ आणि १९६९ सालीं ल मां येथील चोवीस तासांची शर्यत याच जातीच्या गाडीनें जिंकली. पण त्या गाडीचें इंजिन चालकाच्या पाठीमागें होतें आणि वर मोकळी जागा होती. जुन्या गाडीच्या अरुंद नाकांत असा भारा कोठें कोंबणार? गणितानें उत्तम ठरलेला हेडर जागेच्या अभावीं कुचकामाचा ठरतो, हा धडा या उद्योगांत वारंवार गिरविला गेला आहे.

१९५५ सालीं शेव्हरोलेटनें एड कोल यांच्या देखरेखीखालीं तयार झालेलें २६५ घन इंचांचें छोटें व्ही-८ इंजिन बाजारांत आणलें आणि या उद्योगाचें रूपच पालटलें. पातळ ओतकामामुळें तें हलकें होतें, बांध्यानें आटोपशीर होतें आणि संख्येनें विपुल होतें. मुख्य म्हणजे त्याचा संप मागच्या अंगास होता. जुन्या फोर्डच्या चासीची पुढची आडवी तुळई इंजिनाच्या नाकाखालून जाते. संप मागें असल्यामुळें इंजिन तिच्यावर न आपटतां खालीं बसे. पण जें तळाशीं साधलें तें माथ्याशीं बिघडलें. या इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटरहि मागेंच असल्यामुळें तो इंजिन आणि चालक यांच्या मधल्या पत्र्यास टेके, आणि तो पत्रा खोलगट करावा लागे. धुराच्या बाजूस मात्र याच कंपनीचा एक ओतीव मॅनिफोल्ड उपयोगी पडला. मेंढ्याच्या शिंगांप्रमाणें वळलेला तो मॅनिफोल्ड मधोमध सरळ खालीं उतरे. त्यामुळें स्टिअरिंगची पेटी चुके. कित्येक शहाण्या कारागिरांनीं हेडराचा मोह सोडून हीं शिंगेंच पत्करलीं. थोडी अश्वशक्ति गेली, पण गाडी वळूं लागली.

१९६२ सालीं फोर्डनें आपलें छोटें व्ही-८ काढलें. त्याची मांडणी बरोबर उलट होती: डिस्ट्रिब्यूटर पुढें आणि संपहि पुढें. म्हणजे शेव्हरोलेट जेथें अडे तेथें फोर्ड सुटे, आणि शेव्हरोलेट जेथें सुटे तेथें फोर्ड अडे. दोन इंजिनें शक्तीनें आणि आकारानें जवळजवळ सारखीं असूनहि एकीस मिळणारी गाडी दुसरीस मिळेना, असा हा चमत्कार होता.

या चमत्काराची किंमत एका इंग्रज गाडीस मोजावी लागली. रूट्स या इंग्रज कंपनीची सनबीम अल्पाइन नांवाची दोन माणसांची देखणी गाडी होती. पण तिचें चार सिलिंडरांचें इंजिन अमेरिकन गिऱ्हाइकास दुबळें वाटे. कंपनीचे पश्चिम किनाऱ्यावरील अधिकारी इयन गॅरड यांनीं तिच्यांत अमेरिकन व्ही-८ बसविण्याचें मनावर घेतलें. त्यांच्या सूचनेवरून वॉल्टर मॅकेन्झी हे लांकडी मोजपट्टी घेऊन मोटारविक्रेत्यांच्या दुकानांतून हिंडले आणि बॉनेटांखालचीं इंजिनें मोजून आले. फोर्डचें २६० घन इंचांचें इंजिन बसेल, असा त्यांनीं निर्वाळा दिला. अल्पाइनच्या मूळ इंजिनापेक्षां तें लांबीनें केवळ साडेतीन इंच अधिक होतें. प्रश्न राहिला तो रुंदीचा. कॅरोल शेल्बी यांच्या कारखान्यांत नमुन्याची गाडी तयार झाली. जुनें स्टिअरिंग काढून रॅक-पिनियन पद्धतीचें नवें स्टिअरिंग घालावें लागलें, तेव्हां इंजिनास खालीं जागा मिळाली. १९६४ सालीं टायगर या नांवानें ही गाडी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत आली. पुढें वेस्ट ब्रॉमिच येथें जेन्सन कंपनीच्या कारखान्यांत ती तयार होऊं लागली, तेव्हां इंजिन आंत सरकावें म्हणून रंगविलेल्या पत्र्यावर घणाचे घाव घालावे लागत. डाव्या बाजूचा सर्वांत मागचा प्लग काढण्यासाठीं तर चालकाच्या पुढच्या पत्र्यास एक भोंक ठेवून त्यावर रबरी बूच बसविलें होतें. इतकी तारेवरची कसरत होती, तरी गाडी नांवाजली गेली.

पुढें १९६७ सालीं रूट्स कंपनीची सत्ता क्रायस्लरकडे गेली. क्रायस्लरच्या गाडींत फोर्डचें इंजिन असणें शोभेना. क्रायस्लरपाशीं स्वतःचें २७३ घन इंचांचें व्ही-८ होतें. शक्तीला तें कमी नव्हतें. पण त्याचा डिस्ट्रिब्यूटर मागें होता, आणि टायगरच्या नाकांत मागें एक बोटभरहि जागा शिल्लक नव्हती. क्रायस्लरच्या मोठ्या व्ही-८ चा डिस्ट्रिब्यूटर पुढें होता, पण तें इंजिन फार अवजड. अखेर त्याच वर्षीं टायगरची निर्मिति बंद झाली. सुमारें सात हजार गाड्या तयार झाल्या होत्या. चांगली चालणारी एक गाडी इंजिनाच्या अभावीं नव्हे, तर चार बोटें जागेच्या अभावीं संपली.

जागेचा हा हिशेब चुकला तर धुराच्या बाजूस कुरकूर होते. तेलाच्या बाजूस मात्र थेट प्राणांतिक प्रसंग ओढवतो. क्रॅंकशाफ्ट आणि तिचीं बेअरिंगें यांच्यामध्यें तेलाचा अगदीं पातळ पदर असतो. धातु धातूस टेकत नाहीं, ती केवळ या पदराच्या आधारावर. पंपाची शोषनळी चेंबराच्या तळापासून सुमारें पाव ते तीन अष्टमांश इंच वर असते. गाडी जोरानें थांबली किंवा वळली कीं चेंबरांतील तेल एका बाजूस धांव घेतें. तेवढ्यांत शोषनळीचें तोंड उघडें पडलें तर पंप तेलाऐवजीं हवा ओढतो, पदर तुटतो, आणि थोड्याच वेळांत बेअरिंगें जळतात. म्हणून चांगल्या चेंबरांत तेल अडविणारे पडदे असतात. १९६५ सालीं शेल्बी यांनीं मस्टँगवरून जी.टी. ३५० ही गाडी तयार केली, तेव्हां नव्या कार्ब्युरेटरच्या व हेडराच्या जोडीनें इंजिनाची शक्ति २७१ वरून ३०६ वर नेली. पण त्याच हातानें खालीं पडदे असलेला साडेसहा क्वार्टांचा ॲल्युमिनियमचा चेंबरहि बसविला. शक्ति वाढविणाऱ्यानें तेलाची तरतूद आधीं करावी, याचा हा वस्तुपाठ होय.

या इतिहासाचें अलीकडचें प्रकरण १९९७ सालीं सुरू झालें. त्या वर्षींच्या कॉर्व्हेट गाडींत जनरल मोटर्सनें एल.एस. १ नांवाचें ५·७ लिटरचें, ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याचें, ३४५ अश्वशक्तीचें इंजिन आणलें. २०११ सालीं या घराण्यांतील छोट्या व्ही-८ इंजिनांची संख्या १९५५ पासून धरून दहा कोटींवर पोंचली, यावरून त्याचा प्रसार ध्यानांत येईल. मोडीच्या बाजारांत तीं विपुल मिळूं लागल्यावर १९६०-७० च्या काळांतील जुन्या गाड्यांत तीं बसविण्याची लाट आली. पण आतां चेंबराचें स्वरूप बदललें होतें. पूर्वीचा चेंबर म्हणजे दाबलेल्या पत्र्याचें भांडें. हवें तेथें कापावें, हवें तेथें डाग द्यावा. एल.एस. चा चेंबर ओतीव ॲल्युमिनियमचा असून तो गिअरबॉक्सच्या घंटेसहि बोल्टांनीं जोडला जातो. म्हणजे तो इंजिनाच्या सांगाड्याचाच भाग झाला. तेलाचा फिल्टरहि त्यालाच लागलेला. पंप इंजिनाच्या नाकाशीं असल्यामुळें मागच्या संपापासून पुढें लांब शोषनळी येते, आणि तिच्या तोंडाशीं रबराची एक छोटी कडी असते. ती कडी बसवितांना चिरडली कीं पंप हवा ओढूं लागतो. चार आण्यांच्या वस्तूनें सबंध इंजिनाचा घात व्हावा, असा हा प्रकार आहे.

त्याच इंजिनाचे चेंबर गाडीगणिक निराळे निघाले. मालमोटारीचा चेंबर खोल असतो. तो जुन्या ठेंगण्या गाडींत तुळईच्या खालीं लोंबतो आणि रस्त्यावरच्या पहिल्याच उंचवट्यास फुटतो. कॉर्व्हेटच्या चेंबरास दोन्ही बाजूंस वटवाघळासारखे पंख आहेत. ते चासीस अडतात. १९९८ ते २००२ च्या कॅमॅरो गाडीचा चेंबर त्या मानानें सोयीचा, म्हणून त्यास मागणी फार आली. पण तोहि सर्वत्र चालतो असें नाहीं. १९६७ ते १९६९ च्या कॅमॅरोचे स्टिअरिंगचे दांडे पुढच्या आंसाच्या मागें आहेत. १९७० च्या नव्या नमुन्यापासून तेच दांडे आंसाच्या पुढें आले. नांव एक, कंपनी एक, इंजिन एक. तरीहि एका गाडींत जेथें चेंबर सुखानें बसतो तेथें दुसरींत दांडा घांसतो. पुढें खास जुन्या गाड्यांसाठीं उथळ पुढचा भाग असलेले चेंबर कारखान्यांनीं ओतून दिले, ते याच अडचणीमुळें.

या सर्व अनुभवांतून कारागिरांनीं एक क्रम बसविला, आणि तो क्रम उलटा करणारा बहुधा दोनदां पैसे भरतो. आधीं चेंबर ठरवावयाचा. कारण इंजिन किती खालीं आणि किती मागें बसेल, तें तोच सांगतो. चेंबराचा तळ चासीच्या तुळईखालीं येतां कामा नये, आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवितांना दांडा कोठेंहि टेकतां कामा नये. मग गिअरबॉक्स जोडून इंजिनाचा उतार जुळवावयाचा. इंजिन असें आपल्या जागीं स्थिर झाल्यावरच हेडराकडे वळावयाचें. डावीकडे स्टिअरिंगचा दांडा व तेलाचा फिल्टर, उजवीकडे स्टार्टर, खालीं ब्रेकच्या नळ्या, वर प्लगच्या तारा. या सर्वांना वळसा घालून ज्याच्या नळ्या सुखरूप उतरतात तोच हेडर त्या गाडीचा. तापलेल्या नळीनें स्टार्टर भाजून निघाला तर अश्वशक्ति कितीहि असो, गाडी चालू होत नाहीं. ज्यास लांब नळ्यांची जागा नाहीं त्यानें आंखूड नळ्यांचा हेडर घ्यावा, आणि तेवढीहि जागा नसेल त्यानें ओतीव मॅनिफोल्ड घेऊन समाधान मानावें.

या विषयांत केवळ पैशाचाच प्रश्न असता तर त्यास एवढें महत्त्व नव्हतें. जागा अपुरी पडली कीं मनुष्याचा हात करवतीकडे जातो. चेंबर बसत नाहीं म्हणून तुळई कापली जाते, हेडर अडतो म्हणून स्टिअरिंगची पेटी सरकविली जाते. तुळई ही पुढच्या चाकांचा भार वाहते. ती दुबळी झाली म्हणजे गाडी वळणावर दगा देते, आणि आंत बसलेल्या माणसांचा जीव टांगणीस लागतो. शिवाय १९३२ ची फोर्ड किंवा १९६७ ची कॅमॅरो आतां कोणत्याहि कारखान्यांतून पुन्हा बाहेर पडावयाची नाहीं. चेंबर बदलतां येतो, हेडर परत करतां येतो, इंजिनहि उद्यां उतरवून ठेवतां येतें. कापलेली चासी मात्र पूर्वीसारखी होत नाहीं. म्हणून जाणते कारागीर नव्या पाहुण्यास घराच्या मापाचे कपडे शिवतात. पाहुण्यासाठीं घराच्या भिंती पाडीत नाहींत. मॅकेन्झी यांच्या हातांतली लांकडी मोजपट्टी त्यांच्याहि हातीं असते, आणि गांठीचे पैसे मोजण्यापूर्वीं ते जागा मोजतात.